बाण कुणाकडून कुणाकडे

मोठ्या सॉफ्टवेअरचं चित्र काढायला घेतलं की फळ्यावर आधी चौकोन येतात. हा बिलिंगचा, हा ग्राहकांचा, हा रिपोर्टचा. चर्चा सगळी चौकोनांवर होते: नाव काय द्यायचं, केवढा ठेवायचा, कुठल्या टीमकडे सोपवायचा. बाण शेवटी, उठता उठता काढले जातात. मला चित्रातला खरा मजकूर बाणांत दिसतो. अ कडून ब कडे बाण म्हणजे अ ला ब लागतो. ब बदलला की अ ला झळ बसणार. अ बदलला तर ब ला पत्ताही लागायला नको. चौकोनाचं नाव चुकलं तर ते एका दुपारी बदलता येतं. चुकीच्या दिशेचा बाण मात्र वर्षानुवर्षं निघत नाही, कारण तोवर त्याच्या भरवशावर आणखी बाण उभे राहिलेले असतात.

*

डेव्हिड पारनास यांचा लेख पुन्हा वाचला. 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम'च्या डिसेंबर 1972 च्या अंकातला, जेमतेम सहा पानांचा. मोठ्या प्रोग्रामचे भाग कुठल्या कसोटीवर पाडावेत, एवढाच प्रश्न. उदाहरण मुद्दाम छोटं घेतलं आहे: शब्दसूची. एक ओळ घ्यायची, तिचा पहिला शब्द उचलून शेवटी ठेवायचा, असं करत जितके शब्द तितकी रूपं तयार करायची, आणि सगळ्या ओळींची सगळी रूपं अकारविल्हे लावायची. 'पाऊस यंदा लांबला' ही ओळ मग 'यंदा लांबला पाऊस' आणि 'लांबला पाऊस यंदा' अशीही सूचीत सापडते. ग्रंथालयांत शीर्षकांच्या सूच्या या पद्धतीने करत.

पहिली विभागणी कुणालाही सुचेल अशी आहे. एक मॉड्यूल वाचणार, एक ओळी फिरवणार, एक क्रम लावणार, एक छापणार, आणि एक या सगळ्यांना पाळीपाळीने हाक मारणार. कामाचे टप्पे तीच मॉड्यूल्स. दुसऱ्या विभागणीत पारनास प्रश्नच बदलतात: यातले कुठले निर्णय पुढे फिरवावे लागतील? ओळी मेमरीत कशा ठेवायच्या, हा एक. फिरवलेली रूपं खरोखर साठवायची की कुठून सुरुवात करायची एवढीच खूण ठेवायची, हा दुसरा. क्रम एकदम लावायचा की लागेल तेवढाच, हा तिसरा. अशा प्रत्येक निर्णयाला एक मॉड्यूल द्यायचं, आणि तो निर्णय त्या मॉड्यूलबाहेर कुणालाही दिसू द्यायचा नाही.

पहिल्या विभागणीत ओळी साठवण्याची पद्धत बदलली तर सगळी मॉड्यूल्स उघडावी लागतात, कारण प्रत्येकाने ती पद्धत गृहीत धरलेली आहे. दुसऱ्या विभागणीत एकच उघडावं लागतं. चालताना दोन्ही प्रोग्राम तेच काम करतात, तीच सूची छापतात. फरक दुरुस्तीच्या दिवशी कळतो.

या लेखाला पन्नास वर्षं उलटून गेली, तरी नव्या प्रकल्पांत मला पहिली विभागणीच जास्त दिसते. फोल्डरांची नावं पाहा: कंट्रोलर्स, सर्व्हिसेस, मॉडेल्स. एक विनंती ज्या टप्प्यांतून जाते ते टप्पे. साधी एक सवलत योजना आणायची म्हटली तरी तिन्ही फोल्डरांत हात घालावा लागतो.

*

1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला आणि देशभरातल्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरची या कसोटीवर एकाच दिवशी परीक्षा झाली. कराचा दर बदलतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. सेवा कराचा दर आधीही वाढत गेला होता, त्यामुळे दर एका जागी लिहून ठेवायची सवय अनेकांना लागली होती. या वेळी कराचा आकारच बदलला. राज्यातल्या राज्यात विकलं तर केंद्राचा आणि राज्याचा असे दोन आकडे. राज्याबाहेर विकलं तर आयजीएसटीचा एकच. सेवांची बिलं करणाऱ्या सॉफ्टवेअरला तोवर करासाठी ग्राहकाचं राज्य विचारायची सहसा गरज पडत नसे. 'रक्कम द्या, कर घ्या' एवढाच इंटरफेस असलेल्या मॉड्यूलला आता विकणारा कुठला आणि घेणारा कुठला हेही लागू लागलं, आणि उत्तरात एका आकड्याऐवजी ओळी द्याव्या लागल्या. मग त्याला हाक मारणारं प्रत्येक ठिकाण बदलणं आलं.

पूर्ण बिल कराच्या मॉड्यूलकडे द्यायचं आणि उत्तरात कराच्या ओळी घ्यायच्या, असा इंटरफेस पहिल्यापासून असता तर हे सगळं एका ठिकाणी आटोपण्यासारखं होतं. 'दर किती' हा निर्णय लपवून पुरत नव्हतं. 'कर कशावरून ठरतो' हा लपवायला हवा होता. हे आधी ओळखणं अवघड आहे, आणि आर्किटेक्टचं कसब मला त्यातच दिसतं. धंद्यातल्या, कायद्यातल्या कुठल्या गोष्टी हलत्या आहेत याचा अंदाज कोड वाचून येत नाही. त्यासाठी अकाउंट्सच्या माणसांजवळ बसावं लागतं, त्यांना मागच्या दहा वर्षांत काय काय बदललं ते विचारावं लागतं.

*

वर्तुळांबद्दल.

1968 मध्ये डाइक्स्ट्रा यांनी आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात बांधलेल्या 'टीएचई' या ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल लिहिलं. सगळ्यात खाली प्रोसेसर वाटून देण्याचा थर, त्यावर मेमरीचा, त्यावर ऑपरेटरशी होणाऱ्या संवादाचा, त्यावर इनपुट-आउटपुटचा, त्यावर वापरणाऱ्यांचे प्रोग्राम. वरच्याने खालच्यावर विसंबायचं, खालच्याने वर पाहायचं नाही. याचा रोकडा फायदा तपासणीत झाला: खालचा थर आधी एकटा तपासायचा, त्याची खात्री पटली की पुढचा चढवायचा.

पारनास यांनी 1979 च्या लेखात हीच गोष्ट जास्त काटेकोर केली. अ बरोबर चालायला ब ची बरोबर चालणारी प्रत हजर असावी लागत असेल, तर अ ब ला 'वापरतो'. हाक मारणं वेगळं, वापरणं वेगळं. हाक न मारताही एखादं मॉड्यूल दुसऱ्यावर विसंबून असू शकतं. आणि या वापरण्याच्या नात्यात वर्तुळ झालं की सगळं चालू होईपर्यंत काहीच चालू होत नाही.

हे वाक्य मी नव्या मुलांना समजावून सांगतो तेव्हा ऑर्डर आणि ग्राहक यांचं उदाहरण घेतो. ऑर्डरला ग्राहकाचा पत्ता लागतो, म्हणून ऑर्डरकडून ग्राहकाकडे बाण. पुढे कुणीतरी म्हणतं, ग्राहकाच्या पानावर त्याच्या एकूण खरेदीची रक्कम दाखवा. झालं, ग्राहकाकडून ऑर्डरकडे बाण. दोन्ही मागण्या रास्त आहेत, दोन्ही बदल चार ओळींचे आहेत, आणि त्या दिवसापासून ही दोन मॉड्यूल्स कागदावर दोन आणि व्यवहारात एक आहेत. एक तपासायला दुसरं लागतं, एक रिलीज करायला दुसरं थांबतं.

यावरचा उपायही त्याच लेखात आहे. ग्राहकाचे दोन तुकडे करायचे. नाव-पत्ता ठेवणारा तुकडा खाली, मध्ये ऑर्डर, आणि ग्राहकाचा व्यवहार सांगणारा तुकडा वर. बाण तेवढेच राहतात, सगळे खाली जातात. बऱ्याचदा असं कापल्यावर लक्षात येतं की 'ग्राहक' या एका नावाखाली दोन वेगळी कामं नांदत होती.

*

गो भाषेत दोन पॅकेजेसनी एकमेकांना इम्पोर्ट केलं तर कोड कंपाइलच होत नाही. पायथनमध्ये होतं, आणि मग एखाद्या दिवशी इम्पोर्टचा क्रम बदलल्यावर 'अर्धवट तयार झालेलं मॉड्यूल' अशी तक्रार येते. सुरुवातीला गोची सक्ती जाचते. ती हवी, असं माझं ठाम मत झालं आहे. वर्तुळ जन्मतानाच अडवणं स्वस्त पडतं.

जुन्या कोडमध्ये वर्तुळं शोधायला टार्जन यांचा अल्गोरिदम आहे, तोही 1972 चाच. सगळे बाण एकदा पालथे घालून तो एकमेकांत अडकलेल्या मॉड्यूल्सचे गट काढून देतो, आणि वेळ लागतो तो मॉड्यूल्स आणि बाण यांच्या बेरजेच्या प्रमाणात. कितीही मोठा कोड असला तरी हे परवडतं. सगळ्या गाठी एकदम सोडवायला जाऊ नये. आज आहेत त्यांची यादी करून ठेवावी, आणि यादीबाहेरची नवी गाठ आली की बिल्ड फेल व्हावा अशी व्यवस्था करावी. यादी मग हळूहळू आखूड होत जाते.

*

जावाची गोष्ट तपशिलात लिहून ठेवण्यासारखी आहे.

जावाची प्रमाण लायब्ररी कित्येक वर्षं एकसंध गोळा होती. ती मॉड्यूल्समध्ये वेगळी करायचं काम 'जिगसॉ' या नावाने चाललं. आवृत्ती 7 मध्ये येणार होतं, मग 8 मध्ये, शेवटी 21 सप्टेंबर 2017 ला आवृत्ती 9 मध्ये आलं. मे 2017 मध्ये कार्यकारी समितीच्या मतदानात ते एकदा नामंजूरही झालं होतं. इतका उशीर का, याचं उत्तर एका लहानशा बाणात दिसतं.

लॉग लिहिण्याची व्यवस्था पाहणारा 'लॉगमॅनेजर' हा क्लास. लॉगच्या सेटिंग्ज बदलल्या की कुणाला कळवायचं असेल तर त्याची नोंद करायला त्यात एक मेथड होती, नोंद काढायला दुसरी. कळवून घेणाऱ्याचा जो प्रकार ठरवला होता तो 'जावा बीन्स' या पॅकेजमधला. बीन्स मुळात खिडक्या-बटणांसारखे घटक जोडण्यासाठी बनवलेले, त्यामुळे नव्या मांडणीत त्यांची जागा डेस्कटॉपच्या मॉड्यूलमध्ये, स्विंग आणि एडब्ल्यूटी यांच्या शेजारी. म्हणजे ज्या सर्व्हरला पडदाही नाही, त्याला एक ओळ लॉगमध्ये लिहायची तरी चित्रं काढण्याचं सगळं सामान बरोबर घ्यावं लागलं असतं. जार फाइल्स दाबून लहान करणाऱ्या 'पॅक200' मध्येही अशाच मेथड्स होत्या.

मिळून सहा मेथड्स. जुनं सहसा काढायचं नाही असा जावाचा शिरस्ता, कारण जगभरचा कोड त्यावर उभा. तरी या सहा आवृत्ती 8 मध्ये नापसंत ठरवल्या आणि 9 मध्ये काढून टाकल्या. तेव्हा कुठे लॉगिंग खालच्या थरात बसू शकलं.

ज्याने तो प्रकार वापरला त्याचा त्या दिवशीचा विचार मला पटतो. 'बदल झाला की कळवा' याला हाताशी तयार प्रकार होता, तो घेतला. फुकट मिळालेला बाण असा दिसतो.

*

'कॉमन', 'युटिल्स', 'शेअर्ड', 'कोअर'. कुठल्याही मोठ्या कोडमध्ये या नावांपैकी एक फोल्डर असतो आणि सगळ्यांचे बाण त्याच्याकडे जातात. त्यात तारखा आहेत, चलनाचं रूपांतर आहे, ईमेल पाठवणं आहे, कुणाचा तरी पीडीएफचा कोड आहे. तारखेचं एक फंक्शन हवं म्हणून पीडीएफची लायब्ररी आपल्या बिल्डमध्ये येते. ज्याच्याकडे सर्वांत जास्त बाण येतात ते मॉड्यूल सर्वांत कमी बदलणारं असावं. हे मात्र रोज बदलतं, कारण कुणाचंच नाही आणि सगळ्यांचं आहे. अशा फोल्डरला मी विषयाचं नाव द्यायला सांगतो. 'तारखा' असं नाव दिलं की पीडीएफचा कोड तिथे टाकायला हात धजावत नाही.

*

मेल्विन कॉनवे यांचा लेख 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'ने परत केला. सिद्धांत सिद्ध केलेला नाही, हे कारण. मग तो एप्रिल 1968 मध्ये 'डेटामेशन'मध्ये आला. संस्थेत माणसांचा संवाद जसा चालतो, तशीच तिने बनवलेल्या व्यवस्थेची रचना होते, हा त्याचा गाभा. लेखातलं उदाहरण लक्षात राहणारं आहे: एका संस्थेकडे आठ माणसं होती, पाच कोबोलच्या कंपायलरवर नेमली, तीन अल्गोलच्या. कोबोलचा कंपायलर पाच टप्प्यांत चालला, अल्गोलचा तीन.

हिंजवडीत किंवा खराडीत बसून अमेरिकेतल्या टीमबरोबर काम केलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ज्या दोन कोडतुकड्यांमध्ये रात्रीचा कॉल असतो, त्यांच्यातला इंटरफेस नेटका लिहिलेला असतो, कारण प्रत्येक शंका एक दिवस खाते. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी असलेला इंटरफेस मात्र तोंडी असतो, आणि तो माणूस नोकरी सोडून गेला की कुठेच नसतो. म्हणून टीम्सची फेररचना करताना बाणांचं चित्र समोर ठेवावं, असं मी प्रत्येक मॅनेजरला सांगत आलो आहे. दोन टीम्समधून सारखे उलटसुलट बाण जाणार असतील तर त्या दोन टीम्स करू नयेत.

*

न लिहिलेल्या डिपेंडन्सीज सर्वांत घातक. एरियन 5 हे रॉकेट 4 जून 1996 ला फ्रेंच गयानातून उडालं आणि सुमारे 40 सेकंदांत नष्ट झालं. दिशा मोजणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियन 4 वरून घेतलेलं होतं. त्यातलं जमिनीवर जुळणी करणारं गणित उड्डाणानंतरही काही काळ चालू राहत असे. एरियन 4 ला त्याचा उपयोग होता, 5 ला काहीच नव्हता. आडव्या वेगाशी संबंधित एक मोठी संख्या 16 बिटांत बसवायला गेली आणि बसली नाही. अशा सात संख्यांपैकी चारांना संरक्षण होतं, तिघांना मुद्दाम दिलं नव्हतं, कारण त्या तेवढ्या मोठ्या होणार नाहीत असा हिशोब होता. हिशोब एरियन 4 च्या उड्डाणमार्गाला धरून बरोबर होता. म्हणजे कोडचा एक बाण एका रॉकेटच्या मार्गाकडे जात होता आणि तो कुठल्याच इंटरफेसमध्ये लिहिलेला नव्हता. राखीव यंत्रणेत तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे तीही त्याच कारणाने बंद पडली.

कुठलंही मॉड्यूल उचलून दुसरीकडे नेताना विचारायचा प्रश्न: हे कुठल्या जगात खरं होतं?

*

लायब्ररीने काय कबूल केलं आहे ते कागदपत्रात असतं. वापरणारे मात्र जे दिसतं त्या सगळ्यावर विसंबतात. गो भाषेने यावर कडक उपाय केला: मॅपमधल्या नोंदींवरून फिरताना क्रम मुद्दाम दर वेळी वेगळा येतो, म्हणजे कुणी त्याच्या भरवशावर राहूच नये. पायथन उलट वाटेने गेलं. 3.6 मध्ये डिक्शनरी घातलेल्या क्रमाने नोंदी ठेवू लागली, तो आतला तपशील होता, 3.7 मध्ये, 2018 ला, तो भाषेचा शब्दच झाला. दोन्ही निर्णय मला प्रामाणिक वाटतात. दिसतंय पण कबूल नाही, ही मधली अवस्था वाईट.

*

मार्च 2024. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे अभियंता काही मोजमाप करत होते, आणि त्यांना एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला. ते त्याच्या मागे लागले. 29 मार्चला त्यांनी जाहीर केलं की डेटा दाबून लहान करणाऱ्या 'एक्सझेड' या लायब्ररीच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातलेला आहे. घालणाऱ्याने टोपणनावाने दोन वर्षांहून जास्त काळ काम करून त्या प्रकल्पाचा विश्वास मिळवला होता.

या प्रकरणातल्या माणसांबद्दल खूप लिहिलं गेलं. मला त्यातले बाण पाहायचे आहेत. एसएसएचच्या सर्व्हरला एक्सझेड लागतच नाही. मूळ कोडमध्ये असा बाण नाही. डेबियन, फेडोरा अशा वितरणांनी त्यात एक छोटी भर घातली होती: सर्व्हर सुरू झाला की 'मी तयार आहे' असा निरोप सिस्टमडीला, म्हणजे लिनक्सवर अशा सेवा चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेला, जावा. त्यासाठी सिस्टमडीची लायब्ररी जोडली. त्या लायब्ररीत आणखीही पुष्कळ कामं आहेत, त्यांतलं एक म्हणजे दाबून ठेवलेले लॉग वाचणं, आणि त्याला एक्सझेड लागतं. एका निरोपासाठी सगळी लायब्ररी आली, तिच्यामागे एक्सझेड, आणि एकाच प्रोसेसमध्ये आल्यावर कुणी हाक न मारताही तिला आपला कोड सुरुवातीलाच चालवता आला. पारनास यांनी 1979 मध्ये हाक आणि वापर यांत केलेला फरक इथे शब्दशः समोर आला.

निरोप पाठवणं हे काम केवढं? ठरलेल्या सॉकेटवर एक छोटा मजकूर लिहायचा. जुलै 2024 च्या 9.8 या आवृत्तीत ओपनएसएसएचने ते स्वतःच्या कोडमध्ये लिहून टाकलं, सिस्टमडीची लायब्ररी न जोडता. सिस्टमडीनेही दाबण्या-उलगडण्याच्या लायब्रऱ्या प्रत्यक्ष लागतील तेव्हाच उघडायची पद्धत घेतली.

*

22 मार्च 2016 ला 'लेफ्ट-पॅड' हे अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभर बिल्ड फेल होऊ लागले. तेव्हा बहुतेकांनी धडा घेतला की लहान पॅकेजेस नकोत. मला आकार हा निकष पुरेसा वाटत नाही. एसएसएचच्या बाबतीत लायब्ररी मोठी होती आणि हवं ते काम लहान होतं. लेफ्ट-पॅडच्या बाबतीत दोन्ही लहान होती. बाण काढण्याआधी दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात: आपल्याला त्यातलं किती हवं आहे, आणि त्याच्या मागून काय काय येणार आहे. दुसरी गोष्ट पॅकेज मॅनेजर एका कमांडमध्ये झाडासारखी छापून देतो. कोड रिव्ह्यूला नवी डिपेंडन्सी आली की तिचं ते झाड पूर्ण उलगडून बदलासोबत जोडायचं, असा नियम आमच्या टीमने आता केला आहे, आणि रिव्ह्यूमध्ये सर्वांत जास्त वेळ त्या झाडावरच जातो.